कायदा आणि आपण : जप्तीनंतर केस कुठे फसते?

प्रश्न : कोकणात खवले मांजराचे खवले पकडल्याच्या बातम्या येतात. पुढे आरोपी सुटल्याचंही कानावर येतं. घोडं कुठे अडतं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बहुतेक वेळा कागदावर. कायदा मवाळ नाही. खवले मांजर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. शिक्षा 3 ते 7 वर्षं, दंड किमान 25 हजार. माल ताब्यात सापडला, की तो कायदेशीर असल्याचं कलम 57 नुसार आरोपीनं दाखवायचं. पण तो त्याच्याच ताब्यात होता, हे आधी पंचनाम्यातून ठरायला हवं. तिथे ‘अंदाजे 3 किलो खवले’ एवढंच लिहिलेलं असतं. ओले खवले वाळले, की वजन घटतं आणि बचावाचा वकील विचारतो, बाकीचे कुठे गेले? म्हणून जागेवर ग्रॅममध्ये वजन करायचं, खवले मोजायचे, पंचांदेखत लाखेचं सील लावायचं. नमुना कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकमध्ये दमट राहून बुरशी चढते आणि डीएनए खराब होतो. सीलबंद माल कोणाकडून कोणाकडे गेला, याची तारखेसह नोंद हवी. ती तुटली, तर प्रयोगशाळेचा चांगला अहवालही लटकतो.

दुसरी चूक जबाबाची. कलम 50(8) खाली पुरावा नोंदवण्याचा अधिकार सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे. आरोपीसमोर नोंदवला, तरच तो खटल्यात चालतो. घाईत वनपालानं घेतलेल्या जबाबाला ते वजन नाही.

पोलिसांनी धाड टाकली असेल, तर कलम 55 विसरून चालत नाही. न्यायालय दखल घेतं ती अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर. नुसतं दोषारोपपत्र पुरत नाही. 60 दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकही तक्रार करू शकतो. ही वाट फारच कमी लोक वापरतात.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेली हत्थाजोडी देव्हाऱ्यात आहे. मुळी ठेवायला हरकत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ती मुळी नाही. हत्थाजोडी म्हणून विकलं जातं ते बहुधा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. घोरपडही पहिल्याच अनुसूचीत, त्यामुळे ते घरात ठेवणं हाही गुन्हा. फेकू नका, कोणाला देऊ नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्जासह जमा करून पोच घ्या; जमा करण्याआधी वकिलाला विचारलंत तर उत्तम. विक्रेत्याचं पान, लिंक आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा. त्याला पकडून देण्यासाठी पुन्हा मागवायच्या भरीस मात्र पडू नका. तेवढ्यासाठी वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे.