वाट विचारायला कुणी नसेल तेव्हा

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, मी 26 वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. भाऊ मेलबर्नला असतो, येत्या जानेवारीत त्याच्याकडे दोन महिने जाणार आहे. तेवढ्यात ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावरचा ओव्हरलँड ट्रॅक, म्हणजे रानातली लांब पायवाट, एकटीने करायचाय, सहा दिवसांचा. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा झालेत, पण सगळे ग्रुपबरोबर. तुम्ही तो ट्रॅक एकटीने केलाय हे मागच्या अंकात वाचलं. तयारी कुठून सुरू करू? घरचे एकच विचारतात, "तिथं आपलं कोण आहे?"

घरच्यांनी अगदी नेमकं विचारलंय. तयारी त्याच प्रश्नापासून सुरू कर.

सह्याद्रीत आपण एकटे आहोत असं कितीही वाटलं, तरी नसतो. राजगडावरून तोरण्याकडे जाताना वाट चुकली तर गुरं राखणारा कुणीतरी भेटतो, "तिकडं न्हाई ताई, हिकडनं" म्हणतो. खिंडीत लिंबूपाणी मिळतं. अंधार पडला की खाली गावातले दिवे दिसतात, आणि दिवे दिसले की जिवाला धीर येतो. या आधारांची आपण कधी मोजदाद करत नाही, कारण ते कायम असतात. म्हणून आधी एक वही घे. तुझ्या तिन्ही ट्रेकमध्ये कुठे कुणाला काय विचारलंस, काय विकत घेतलंस, कुणाकडून काय मागून घेतलंस, ते आठवून लिही. कुणाचा टॉर्च, कुणाचं क्रेप बँडेज, "अजून किती लांब?" हा प्रश्नसुद्धा. माझ्या वहीत चौतीस गोष्टी निघाल्या होत्या. त्या प्रत्येकीसमोर आता लिहायचं : हे तिथे मी कशावर भागवणार?

आता ट्रॅकबद्दल. क्रेडल माउंटनजवळच्या रॉनी क्रीकपासून लेक सेंट क्लेअरपर्यंत सुमारे 65 किलोमीटर. 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात आगाऊ बुकिंग लागतं, आणि चालायचं उत्तरेकडून दक्षिणेकडेच. जानेवारीच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी हे बघ. वाटेवर झोपायला लाकडी हट, म्हणजे साध्या झोपड्या आहेत, पण हटमधली जागा कुणाच्या नावावर राखलेली नसते, आणि स्वतःचा तंबू जवळ असलाच पाहिजे असा नियम आहे. शेकोटी पेटवता येत नाही, स्वयंपाक आपल्याच स्टोव्हवर. दुकान एकही नाही. फोनला रेंज नाहीच असं धरून चाल. रोजचं अंतर 8 ते 11 किलोमीटर, विंडरमिअर ते पेलियन हा टप्पा मात्र 17 च्या घरात जातो. शेवटी नार्सिसस हटपासून सरोवरातून बोट आहे, तीही आधी बुक करायची.

अंतर तुला जड नाही. तुला जड जाईल ती ओली थंडी, आणि ती सोलापुरात कुणाला ठाऊकच नसते. आपण 42 अंश उन्हात वाढलेली माणसं. आपली थंडी कोरडी, पहाटेपुरती. ऊन आलं की संपली. तिथे भर उन्हाळ्यात, जानेवारीतही, बर्फ पडू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे 5-6 अंशांत तासन् तास वाऱ्यासकट पाऊस. अशा वेळी अंगावर सुती कपडा असेल तर तो पाणी धरून ठेवतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. जाण्याआधी मी घरी एक प्रयोग केला. माझा नेहमीचा सुती टी-शर्ट किराणा मोजायच्या काट्यावर ठेवला : 190 ग्रॅम. बादलीत बुडवून, घट्ट पिळून परत ठेवला : 430. मग लोकरी थर्मल तसाच बुडवला, पिळला, आणि दोन्ही अंगावर घालून पंख्याखाली बसले. दहा मिनिटांत सुती टी-शर्टात दात वाजायला लागले, लोकरीत नाही. तूही हे करून बघ, कुणी सांगितलेलं असं पटत नाही. आपल्या चादरीवर माझा जीव आहे, परगावी जाताना ती नसेल तर मला झोप लागत नाही. तरीही ती आणि टॉवेल दोन्ही घरीच ठेव. जीन्ससुद्धा.

अंगावर लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, त्यावर टोपी असलेलं पक्कं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट. कानटोपी आणि हातमोजे. उणे 5 अंशांपर्यंत चालेल अशी स्लीपिंग बॅग. रात्री घालायचा कपड्यांचा एक जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि काही झालं तरी दिवसा अंगावर चढवायचा नाही. सकाळी ओले मोजे पायात घालताना डोळ्यांत पाणी येतं, पण तेच घालायचे. संध्याकाळी कोरडा जोड हातात आला की कळतं का ते.

दुसरी गोष्ट दिशांची. मी 29 वर्षं भूगोल शिकवला. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल. सोलापुरात वर्षातले नऊ महिने दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच तो थोडा उत्तरेला जातो. ती सवय डोक्यात नाही, पायांत असते. ट्रॅकच्या तिसऱ्या दिवशी सकाळभर धुकं होतं. एकच्या सुमारास ऊन पडलं, मी लाकडी फळ्या टाकून केलेल्या वाटेच्या कडेला बसून खाल्लं, उठले, सॅक पाठीवर घेतली आणि सूर्य समोर ठेवून चालू लागले. सूर्याकडे म्हणजे दक्षिणेकडे, हे पायांनीच ठरवलं. वीस मिनिटांनी एका कोपऱ्याला तडा गेलेली फळी दिसली आणि थबकले. ती फळी मी सकाळी ओलांडली होती. आल्या वाटेने परत निघाले होते. चाळीस मिनिटंच वाया गेली, पण त्या दिवशी पुन्हा धुकं उतरलं असतं तर? तेव्हापासून बसण्याआधी जायच्या दिशेकडे टोक करून काठी जमिनीवर ठेवते. तूही ही सवय इथूनच लाव.

होकायंत्र नेणार असशील तर दोन गोष्टी. आपल्याकडे विकत मिळणाऱ्या काही यंत्रांची सुई उत्तर गोलार्धासाठी तोललेली असते, ती तिथे तिरकी होऊन तळाला घासते. तेव्हा तिथलंच घे. शिवाय सोलापुरात सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत जाणवण्याइतका फरक नसतो, टास्मानियात तो पूर्वेकडे सुमारे 14 अंश आहे. रात्री ध्रुवतारा शोधू नकोस, तो तिथून दिसतच नाही.

सराव सोलापुरात कसा करायचा हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. सॅकमध्ये ज्वारीची दहा किलोची पिशवी टाक आणि पहाटे सिद्धेश्वर तलावाभोवती फेऱ्या मार. लोक बघतील, बघू देत. चढासाठी इमारतीचे जिने. उतरताना गुडघ्यांकडे लक्ष, दुखणं तिथे सुरू होतं. गच्चीवर तंबू लाव, अंधारात, हेडटॉर्चवर, एकटीने. आपल्याकडे पाऊस बेताचा, म्हणून नळाला पाणी येईल त्या दिवशी घरच्या कुणाला तरी दहा मिनिटं पाईपने तंबूवर पाणी मारायला सांग आणि आत बसून राहा. कुठून गळतंय ते कळेल. मग पावसाळ्यात हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन राजगड-तोरणा पुन्हा कर. बरोबर एक मैत्रीण असू दे, पण ती शंभर पावलं मागे राहील, बोलणार नाही, आणि तू वाटेत कुणालाही काही विचारायचं नाहीस, काही विकत घ्यायचं नाहीस. तुझी वही बरोबर आहे का ते त्या दोन दिवसांत कळेल.

आणि परत फिरायचं कधी, हे सोलापुरात बसून ठरव. तिथे गेल्यावर पैसे भरलेले असतात, सुट्टी मोजकी असते, मन मागे वळायला तयार होत नाही. पहिल्याच दिवशी मॅरियन्स लुकआउटचा खडा चढ आहे, धरायला साखळी लावलेली. वर उघडं पठार, वारा अडवायला काही नाही. पुढे किचन हट लागतं, ते फक्त अडचणीतल्या आसऱ्यासाठी, मुक्कामासाठी नाही. मी कागदावर लिहून नेलं होतं : साखळीपाशी वाऱ्याने तोल जात असेल किंवा हात बधिर झाले असतील, तर रॉनी क्रीकला परत. ते लिहिताना मी घरी खुर्चीत होते, डोकं शांत होतं, म्हणून त्या कागदाचं ऐकायचं ठरवलं होतं.

एकटीने म्हणजे अगदी एकटी नसतेस, हे घरी सांग. सगळे एकाच दिशेने जात असल्यामुळे तीच माणसं रोज संध्याकाळी हटमध्ये भेटतात. बायकांसाठी वेगळी खोली नसते. तुला किंवा आईला त्याचं दडपण येत असेल तर तंबूत झोप. हटमधल्या वहीत नाव, तारीख, पुढचा मुक्काम रोज लिहायचा. कुणाचा शोध घ्यायची वेळ आली तर त्या नोंदींचा मोठा उपयोग होतो.

प्रश्न : ताई, माझी मुलगी याच वाटेने मार्चमध्ये एकटी जाणार आहे. मी तिला अडवणार नाही. पण सहा दिवस फोन लागणार नाही म्हणते. इथे अक्कलकोट रोडवर बसून मी काय करू? आणि तिथे साप फार विषारी असतात म्हणे. — एक वडील

तुमच्या पत्रातलं "अडवणार नाही" हे मी दोनदा वाचलं. माझे वडील असते तर हेच म्हणाले असते.

तिच्याकडून एक कागद घ्या. रोजचा मुक्काम, शेवटच्या दिवसाची बोटीची वेळ, तंबूचा आणि सॅकचा रंग, तिची औषधं. सगळ्यात महत्त्वाची ओळ ही : अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. ही वेळ बोटीच्या वेळेपेक्षा बरीच उशिराची धरा, कारण उशीर होतोच. मार्चमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास पुढे असतं. तिथल्या रात्री आठपर्यंतची मुदत ठरली तर आपल्याकडे दुपारचे अडीच. त्याआधी काळजी करून जीव कष्टी करू नका, आणि त्यानंतर "अजून थोडी वाट बघू" म्हणू नका. शोधमोहीम टास्मानिया पोलीस हाती घेतात. कागदाची एक प्रत ऑस्ट्रेलियातल्या ओळखीच्या माणसाकडे असू द्या, फोन त्याने करायचा. तिथला आणीबाणीचा नंबर 000.

तिने पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, बरोबर न्यावं. हे मुठीत मावणारं यंत्र असतं. जिवावर बेतलं तर अँटेना उघडून बटण दाबायचं, मग उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला ठिकाण कळतं. बोलता येत नाही, खुशालीही कळवता येत नाही. ते तेवढ्याच एका कामासाठी आहे. हे तिथेच भाड्याने घ्यायचं आणि तिथेच परत करायचं. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, विमानतळावर अडवतात. तेव्हा स्वस्तात मिळालं म्हणून बॅगेत टाकून आणू नको, असं बजावून सांगा.

सापांबद्दल. टास्मानियात सापाच्या तीनच जाती, टायगर, कॉपरहेड आणि व्हाइट-लिप्ड, आणि तिन्ही विषारी. पण ते माणसाला टाळतात. जाड गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंतची आवरणं, घालायचे, पाऊल कुठे पडतंय ते बघायचं. एक फरक तिला नक्की शिकवा. आपल्याकडे दंशाची जागा आवळून बांधू नये असं सांगतात, घोणस-फुरशाच्या विषाने तिथलं मांस आधीच नासत असतं. तिथल्या सापांसाठी शिकवण वेगळी आहे : रुंद ताणपट्टी दंशाच्या जागेवरून सुरू करून सगळ्या हातापायाला गुंडाळायची, काठी बांधून अवयव हलू द्यायचा नाही, जखम धुवायची नाही, जागचं हलायचं नाही आणि पीएलबी सुरू करायचं. अशा दोन पट्ट्या सॅकच्या वरच्या कप्प्यात हव्यात, आणि स्वतःच्या पायावर स्वतः गुंडाळायचा सराव हवा. एका संध्याकाळी तुमच्यासमोर करून दाखवू दे. तुम्हालाही बरं वाटेल.

प्रश्न : टास्मानियात चालायला जाताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेता येईल का? — बार्शीहून एक वाचक

ट्रेकसाठी याहून चांगलं खाणं मला माहीत नाही. न शिजवता खाता येतं, टिकतं, शेंगदाण्याने पोट भरतं. पण ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ कार्डावर जाहीर करावा लागतो. ठेवायचा की टाकायचा ते अधिकारी ठरवतात. लपवलं तर जबर दंड. तूप, पेढे, खवा नेऊच नका. बूटसुद्धा जाहीर करायचे. मी तळव्याच्या खाचांतली काळी माती जुन्या टूथब्रशने आणि काडीने कोरून काढली, दोन दिवस लागले. तिथल्या रानात झाडांची मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा नावाचा रोग मातीबरोबर पसरतो, म्हणून हा काटेकोरपणा. मेलबर्नहून टास्मानियाला जाताना पुन्हा तपासणी असते, ताजी फळं-भाज्या नेता येत नाहीत. गॅसचं नळकांडं विमानात कुठेच चालत नाही, टास्मानियातल्या लॉन्सेस्टन शहरात उतरून घ्यायचं.

एक राहिलं. तिथे करावाँग नावाचा कावळ्याएवढा काळा पक्षी आहे. तो चोचीने सॅकची चेन उघडतो आणि खाणं पळवतो. सॅक एकटी सोडू नका.

चटणी विमानतळावर ठेवून घेतली तर मेलबर्नलाच करा. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, सगळं तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. उखळ नसेल, तर मिक्सर थांबत थांबत फिरवा. तेल सुटलं पाहिजे.