वाचकांचे प्रश्न : हरणांसाठीची पेरणी आणि मचाणाची जागा

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात जमीन घेतलेल्या वाचकांची असून ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसंबंधी आहेत. एक पत्र यवतमाळ जिल्ह्यातून आले आहे. त्याचे उत्तर शेवटी दिले आहे.

प्रश्न : नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमधील टेकड्यांच्या भागात आम्ही वीस एकर जमीन घेतली आहे. बरीचशी जमीन ओकच्या रानाची असून मध्ये तीनेक एकरांचे जुने कुरण आहे. कुरणाच्या मधोमध, सर्वांत उंच जागी, सहा बाय सहा फुटांचे बंदिस्त मचाण, म्हणजे इथले बॉक्स ब्लाइंड, उभारून हरणे चरायला यावीत म्हणून चारही बाजूंना क्लोव्हर हे चाऱ्याचे पीक पेरावे असे माझ्या यजमानांच्या मनात आहे. शेजारी मात्र ही जागा चुकीची आहे असे सांगतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर : शेजाऱ्यांचे. मधोमध बसलेल्या माणसाला चौफेर दिसते हे खरे, पण त्याचा वासही, वारा कुठूनही वाहिला तरी, पेरणीच्या कोणत्या ना कोणत्या भागावरून जातोच. हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक विसंबते. अशा मचाणापर्यंत जायला रोज उघडे कुरण ओलांडावे लागते आणि अंधार पडल्यावर उतरायची वेळ येते तेव्हा हरणे खाली चरत असतात. त्यांनी दोन-तीनदा तुम्हाला उतरताना पाहिले की ती दिवसाउजेडी यायची थांबतात.

म्हणून आधी वारा पाहावा, मग स्वतःची जाण्यायेण्याची वाट ठरवावी, त्यानंतर पेरणीचा आकार आणि सर्वांत शेवटी मचाणाची जागा. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवस चालतो, आणि त्या दिवसांत वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. तेव्हा मचाण पेरणीच्या आग्नेय किंवा पूर्व कडेला, रानाच्या आडोशाला असावे, आणि त्याच्या पाठीमागे जिथे वास वाहून जाणार तिथे रस्ता, तळे किंवा शेजाऱ्याचे नांगरलेले शेत असे काहीतरी असावे की जिकडून हरीण येण्याची शक्यता कमी. मुरलेला नर अन्नाकडे सरळ येत नाही. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घेऊन आधी हुंगतो, आणि मचाणामागे दाट झाडी असेल तर त्याचा वळसा नेमका तिथूनच पडतो.

तुमच्या टेकड्यांवर आणखी एक गोष्ट घडते. संध्याकाळी ऊन उतरले की उंचावरची गार झालेली हवा उताराने खाली ओघळू लागते आणि सकाळी ऊन तापले की ती वर चढते, त्यामुळे हवामानाच्या अंदाजात वायव्येचा वारा असला तरी वारा पडलेल्या संध्याकाळी तुमचा वास दरीकडेच जातो. जागा पक्की करण्यापूर्वी दोन-चार संध्याकाळी तिथे उभे राहून टाल्कम पावडरची चिमूट हवेत सोडून पाहावी. दुकानात मिळणाऱ्या, अंगाचा वास घालवणाऱ्या फवाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तीनही एकर पेरण्याची गरज नाही. रानालगतच्या अर्ध्या एकराचा, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठ्यांचा, लांबट आणि मध्ये चिंचोळा पट्टा पुरतो. हरीण एका भागातून दुसऱ्यात जाताना त्या चिंचोळ्या जागेतून जाते, आणि मोठ्या उघड्या शेतात जे अंधार पडल्यावर उतरते ते अशा आडोशाच्या तुकड्यात उजेड असताना येण्याची शक्यता अधिक. उतरण्याच्या अडचणीवर इथले लोक एक साधा उपाय करतात : शिकारी मचाणातच थांबतो आणि घरातले कोणीतरी गाडी घेऊन येते, हरणे गाडीला बिचकून निघून जातात, माणसाचा संबंध त्यांना कळत नाही.

प्रश्न : मचाण स्वतःच बांधायचे आहे. जमिनीपासून किती उंच असावे, लाकूड कोणते वापरावे आणि खिडक्या कशा ठेवाव्यात?

उत्तर : तळ आठ ते दहा फुटांवर असला तर बहुतेक ठिकाणी पुरेसे होते. उंचीचा खरा लाभ असा की गोळी खालच्या दिशेने जाऊन पेरणीच्या जमिनीतच रुतते. तरीही प्रत्येक खिडकीतून लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, कोणाचे घर किंवा रस्ता आहे का, हे दिवसा पाहून ठेवावे आणि ज्या खिडकीतून तसे दिसेल ती कायमची बंद करावी.

खांबांना सहा बाय सहा इंचांचे, जमिनीशी संपर्क चालेल असा शिक्का असलेले दाबप्रक्रिया केलेले लाकूड घ्यावे. या लाकडातील रसायनांत तांबे असते आणि ते साध्या खिळ्यांना खाऊन टाकते, म्हणून गरम जस्तलेपाचे बोल्टच वापरावेत, आणि तेही आरपार. केवळ खिळ्यांवर भार सोडू नये. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि फुगून खांब उचलते, त्यामुळे काँक्रीटचा पाया घालायचा तर तो चार फूट खाली न्यावा लागतो. एवढे खणायचे नसेल तर खांब दगडी फरश्यांवर टेकवून चारही कोपऱ्यांना जमिनीत पिळून बसवायचे लोखंडी अँकर आणि तारदोर लावावेत. रिकामे मचाण वाऱ्याला पेटीसारखे अंगावर घेते. कोसळलेली मचाणे बहुधा वजनाने नव्हे तर वाऱ्याने कोसळलेली असतात. चारही बाजूंना तिरके आडवे टेकू याचसाठी.

खिडकीची उंची कागदावर ठरवू नये. जी खुर्ची आत ठेवणार तीवर बसून, बंदूक टेकवल्यासारखे हात करून भिंतीवर खूण करावी आणि मगच कापावे. बंदुकीसाठी फूटभर उंचीची आडवी फट पुरते. धनुष्यासाठी मात्र उभी, तीनेक फुटांची खिडकी हवी, कारण धनुष्याचे खालचे टोक आडव्या फटीच्या काठाला लागते. आतल्या भिंती काळ्या रंगवाव्यात आणि तुमच्या पाठीमागची खिडकी झाकलेली असावी, नाहीतर मागच्या उजेडावर तुमची आकृती स्पष्ट उमटते. बाहेरून पानाफुलांची नक्षी काढण्यात लोक फार वेळ घालवतात. तेवढा वेळ करकरणाऱ्या बिजागऱ्यांना आणि जमिनीवर जुना गालिचा अंथरायला द्यावा. दार पेरणीच्या विरुद्ध बाजूला, छताचा उतार मागे. काम उन्हाळ्यातच संपवावे, म्हणजे हंगामापर्यंत हरणांना त्या आकृतीची सवय होते.

चढण्यासाठी शिडीऐवजी कठडा असलेला जिना करणे शक्य असेल तर तोच करावा. बंदूक नेहमी रिकामी करून, नळी खाली ठेवून, दोरीने वर ओढून घ्यावी. हातात घेऊन चढू नये. आत गॅसचा हीटर लावणार असाल तर दोन बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारायंत्र-डबा भिंतीला असावा. या वायूला वास नसतो आणि बंद पेटीत झोप येते ती थंडीनेच आली असे वाटते. सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा दार उघडताना गांधीलमाशांची पोळी पाहूनच आत डोके घालावे. गावाच्या किंवा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, झोनिंग (जमीनवापर नियमांच्या) कार्यालयात बांधकामाची परवानगी लागते का, हे लाकूड घेण्यापूर्वी विचारावे.

प्रश्न : मिशिगनमध्ये मागच्या ऑगस्टमध्ये मी क्लोव्हर, सलगम आणि रायग्रास यांचे तयार मिश्रण पेरले. उगवण झाली, पण रोपे पिवळी आणि विरळ राहिली. खत कमी पडले का?

उत्तर : बहुधा खत नव्हे, चुना कमी पडला. जुन्या रानातील आणि पडीक कुरणातील माती अनेकदा आम्ल असते, आणि आम्ल मातीत दिलेले खत पिकाला नीट उचलता येत नाही. आधी माती तपासून घ्यावी. राज्य विद्यापीठांच्या विस्तार सेवेमार्फत ही तपासणी होते. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान आणावा. चुन्याला काम करायला काही महिने लागतात, म्हणून ऑगस्टच्या पेरणीसाठी तो वसंत ऋतूतच मातीत मिसळावा.

तयार मिश्रणांचा दोष असा की त्यातील प्रत्येक बियाण्याची वेळ आणि खोली वेगळी असते. सलगम, मुळा, रेप ही मोहरीच्या कुळातील पिके जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, एकरी सुमारे पाच पौंड, आणि नत्र देऊन पेरावीत. दाट पेरल्यास पाने हाताएवढी न होता बोटाएवढीच राहतात. दव गोठू लागल्यावर त्यांच्यात गोडी येते आणि तेव्हा हरणे त्यांच्यावर तुटून पडतात. राय हे धान्य ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एकरी शंभर पौंडांच्या आसपास. ते गोठणबिंदूजवळच्या थंडीतही उगवते आणि हिवाळाभर हिरवे राहते. तुमच्या मिश्रणातील रायग्रास हे मात्र वेगळे गवत आहे. हरणांना ते तितकेसे आवडत नाही आणि एकदा शिरले की काढणे कठीण. पांढऱ्या क्लोव्हरचे बी एकरी सहा ते आठ पौंड पुरते, रायझोबियम हे नत्र मिळवून देणारे जिवाणू चोळून ते पाव इंचाहून खोल जाऊ देऊ नये. पेरल्यावर वरून रोलर फिरवला की झाले. रायच्या आधाराने पेरलेले क्लोव्हर पुढे काही वर्षे टिकते, आणि विरळ झालेल्या जागी मार्चमध्ये, जमीन रात्री गोठते व दिवसा सुटते तेव्हा, नुसते बी फेकले तरी ते भेगांतून आत जाते.

सोयाबीन अर्ध्या एकरात पेरू नये. हरणे ते कोवळे असतानाच संपवतात. पेरणीत जाळीचा तीन-चार फुटांचा गोल पिंजरा उभा करून ठेवावा. आतले आणि बाहेरचे पीक ताडून पाहिले की पीक वाढलेच नाही की वाढून खाल्ले गेले, हे समजते.

प्रश्न : एवढी शेती करण्यापेक्षा मचाणासमोर मक्याचा ढीग ओतला तर?

उत्तर : अनेक ठिकाणी तो गुन्हा ठरेल. हरणांमधील क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो आणि त्यावर उपचार नाही. २००१ च्या हंगामात मारलेल्या हरणांत तो असल्याचे २००२ च्या आरंभी विस्कॉन्सिनमध्ये उघड झाले. एका ढिगात तोंड घालणारी हरणे लाळेतून तो एकमेकांना देतात, म्हणून तिथे रोगग्रस्त काउंटींत आमिष घालण्यास बंदी घातली जाते. नेहमीच्या शेतीपद्धतीने पेरून वाढवलेले उभे पीक आमिषात मोडत नाही. बाहेरून आणून टाकलेले धान्य मोडते. नियम काउंटीगणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा दर हंगामापूर्वी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची पुस्तिका पाहावी. मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास मांस खाऊ नये.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मला बंदूक बाळगता येते का?

उत्तर : तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे, मात्र ज्याच्याजवळ एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना आहे त्याला अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरातच राहिली तर अपवादही संपतो, आणि त्याचा परिणाम दंडावर न थांबता व्हिसावर होऊ शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. खरेदीपूर्वी वकिलाला विचारावे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या बाहेरील कपड्यांचा निदान अर्धा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो; हरणाला नारिंगी रंग मळकट दिसतो, निळा मात्र ठळक दिसतो, त्यामुळे जीन्सची पँट घरीच ठेवावी.

प्रश्न : माझा भाचा मिशिगनला असतो; त्याच्या मचाणाचे फोटो पाहिले. आमच्या तुरीत रोही (नीलगाई) आणि रानडुकरे धुमाकूळ घालतात. जागलीचा माळा आहेच. त्याच्याजवळ हिरवा पट्टा पेरून जनावरे तिकडे वळवावीत आणि मारावीत, असे करता येईल का?

उत्तर : नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने भारतात शिकारीस बंदी आहे. पिकाच्या नुकसानीसाठी काही प्राण्यांबाबत कलम ११ खाली वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, पण ती त्यांच्या अटींवर असते. परवानगीवाचून मारलेले एक रानडुक्करही गुन्हाच. जनावरे वळवण्यासाठी पेरलेल्या पट्ट्याचाही उपयोग होत नाही, कारण हिरवा चारा वाढला की त्या शिवारात कळप अधिक येतात आणि शेवटी तुरीतच उतरतात. जागलीसाठी माळा वापरण्यास हरकत नाही. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे मात्र कटाक्षाने टाळावे; त्याने विदर्भात वाघही मेले आहेत आणि माणसेही. त्याऐवजी क्षणिक झटका देणारे सौर कुंपण लावावे, आणि नुकसान झाल्याबरोबर वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाईचा अर्ज करता येतो.