नागपुरात मे महिन्यात बाल्साचं (हलक्या लाकडाचं) आरसी ट्रेनर किट, म्हणजे रिमोटवर उडणारं शिकाऊ विमान, जोडतोय. सगळं फेविक्विकने चिकटवलं तर चालेल का?

चालणार नाही. निदान ‘सगळं’ तर नाहीच.

तुम्ही लिहिलंय की पंख दीड मीटरचा आहे, हाय-विंग (पंख धडाच्या वर असलेला) ट्रेनर, तुकडे लेझरने कापलेले. ओळखीतल्या एका अनुभवी माणसाने सल्ला दिलाय की फेविक्विकच्या डझनभर ट्यूबा आणा, कूलरसमोर बसा, रविवारी संध्याकाळी विमान तयार. हा सल्ला नागपुरात इतका फिरतो की वाचून हात शिवशिवले. यात दोन चुका आहेत. गोंदाची चूक लहान आहे, मोठी चूक कूलरची.

बाल्सा पाणी पितं. ओल लागली की ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. दीड मिलिमीटरच्या शीटवर एकाच बाजूने कूलरची ओली हवा आली की तीच बाजू फुगते आणि शीट पन्हाळीसारखी वळते. वळण इतकं थोडं की सहज लक्षात येत नाही. तुम्ही ती शीट तशीच पिनांनी सपाट दाबून पंखाला चिकटवता. गोंद वाळतो, पिना निघतात आणि पंख वरच्या खोलीत कपाटावर जातो, जिथं मे महिन्याची कोरडी ठक्क हवा आहे. तिथं शीट आकसते. काही दिवसांनी बघावं तर एका पंखाचं ट्रेलिंग एज (मागची कड) टोकाशी तीन-चार मिलिमीटर खाली उतरलेलं, दुसऱ्याचं वर चढलेलं. मग शिव्या किटला.

म्हणून ज्यावर पंख जोडता तो बोर्ड कूलरच्या झोताबाहेर हवा, शक्यतो वेगळ्या खोलीत. काम सकाळी करा. डबा उघडल्यावर शीट आणि काड्या सपाट जागी वजनाखाली ठेवा, कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. पंखाचा सांगाडा झाला की लगेच फिल्म (वरचं प्लास्टिकचं आवरण) चढवू नका. कोरड्या खोलीत एक-दोन दिवस बोर्डावरच दाबून राहू द्या. फिल्मने ओल थांबत नाही, तिचं येणंजाणं सावकाश होतं एवढंच. आत कोंडलेली ओल नंतर पीळ होऊन बाहेर येते.

आता गोंद. फेविक्विक म्हणजे पातळ सायनोअॅक्रिलेट, आपण सीए म्हणतो. वस्तू चांगली आहे, लोक लावतात ती जागा चुकते. सीए ओलाव्याने घट्ट होतं. मेच्या दुपारी कोरड्या खोलीत ते रेंगाळतं, म्हणून माणूस अजून ओततो आणि ते सांध्यातून वाहून प्लॅनच्या कागदात आणि बोटांत जातं. पावसाळ्यात उलट, रिब (पंखाची फासळी) गुण्यात धरायच्या आत पकडतं. शिवाय पातळ सीए फट भरत नाही. दोन्ही तुकडे पूर्ण टेकले असतील तरच त्याचा उपयोग, आणि लेझर कट किटमध्येही सगळे सांधे तसे टेकत नाहीत. लेझरने जळलेली काळी कड गोंद नीट शोषत नाही, हेही आहेच. स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या काडीच्या) खाचांवर २४० नंबरचा पॉलिश पेपर एक-दोनदा फिरवा, काळं जाऊन तपकिरी झालं की थांबा. पांढरं लाकूड दिसेपर्यंत घासलंत तर खाच सैल होते.

रिब, वेब (त्याबद्दल पुढे), लीडिंग एज (पंखाची पुढची कड), फ्युजलाजच्या (धडाच्या) बाजू यांना पांढरा फेविकॉल लावा. आठ-दहा मिनिटं तुकडा सरकवता येतो, तासाभरात पकड येते, पिना दुसऱ्या दिवशी काढायच्या. फायरवॉल (मोटर बसते ती नाकातली फळी), दोन पंखांचा मधला जोड आणि लँडिंग गिअरची (चाकांच्या पायांची) प्लाय यांना हळू वाळणारं इपॉक्सी हवं. पाच मिनिटांचं इथं नको. नागपूरच्या गरमीत वाटीत ढीग करून कालवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने आवळतं, तेव्हा थोडं थोडं कालवा आणि पत्र्याच्या तुकड्यावर पसरून ठेवा. सीए बिजागऱ्यांना ठेवा: कापडी सीए हिंजच्या दोन्ही बाजूंना चार-चार थेंब, फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत, वाळल्यावर जोरात ओढून बघायचं. बाटली फ्रीजमध्ये ठेवत असाल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, तोंडाशी दव धरतं. ग्लू गनचं नावही काढू नका, इथल्या उन्हात बंद गाडीत तो गोंद मऊ पडतो.

पण गोंद हा मुळात मुद्दाच नाही. हे सांगताना मला शिअर वेबवर यावंच लागतं, कारण त्यावरून आमच्याकडे जुनं भांडण आहे.

वरच्या आणि खालच्या स्पारला जोडणारे, दर दोन रिबांच्या मधे बसणारे बाल्साचे चौकोनी तुकडे म्हणजे वेब. आमच्याकडे उडवणाऱ्यांत एक काका आहेत. हात सुरेख, लँडिंग बघत राहावं असं, आणि ठाम मत की वेब शोभेचे. ‘स्पार आहेत ना दोन? मग इतकं काहून मोजून राहिला बे?’ त्यांच्या पंखात वेब होते, नव्हते असं नाही. पण शीटमधून लांब पट्टी फाडायची आणि तिचे तुकडे पाडायचे ही त्यांची रीत. त्यामुळे तंतू आडवे, पंखाच्या लांबीला समांतर. विमान बरेच महिने छान उडालं. मग एका सकाळी सूर मारून वर ओढताना उजवा पंख वरच्या बाजूला मिटला.

तो पंख मी टेबलावर उघडला. खालचा स्पार शाबूत होता. वरचा स्पार मधून मोजल्यास तिसऱ्या रिबच्या पुढे बाहेर फुगून मोडला होता. त्याच खणातलं वेब तंतूंच्या रेषेत सरळ चिरलं होतं: अर्धा तुकडा वरच्या स्पारला घट्ट, अर्धा खालच्या स्पारला घट्ट, मधलं लाकूड फाटलेलं. गोंद कुठंही सुटला नव्हता. तरी काकांचं निदान आजतागायत ‘गोंद कच्चा निघाला’.

हिशेब अवघड नाही. विमान १६०० ग्रॅमचं धरा. सूर मारून जोरात ओढलं की चौपट भार सहज येतो, म्हणजे ६.४ किलो, एका पंखावर ३.२. या भाराने वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो. ताण बाल्सा सहन करतं, पण दाबाखाली सडपातळ काडी बाजूला सरकून फुगते. ती सरकू नये आणि दोन स्पारमधलं अंतर बदलू नये, हे वेबचं काम. तंतू उभे असतील तर वेब खांब म्हणून उभं राहतं. आडवे असतील तर तंतूंच्या मधेच फाटतं, मग गोंद कोणताही असो.

कापायची रीत: ७५ मिमी रुंद, दीड किंवा दोन मिमी जाड शीट घ्या आणि टोकापासून वेबच्या उंचीएवढे तुकडे आडवे छाटत जा. तंतू आपोआप उभे येतात. मग प्रत्येक तुकडा त्या-त्या खणात धरून रुंदीला घासायचा. उंचीला तो वर-खाली दोन्ही स्पारवर पूर्ण टेकला पाहिजे, रुंदीला मात्र अर्धा मिलिमीटर कमी असलेला चालतो. उलट केलंत, म्हणजे दर खणात अर्धा मिलिमीटर जास्त ठोकून बसवलंत, तर दहा खणांत पाच मिलिमीटर साचतात आणि पंख धनुष्यात येतो. मधल्या जोडापासून निदान अर्ध्या पंखापर्यंत एकही खण रिकामा ठेवू नका.

आणि वेब लावायचे ते पंख बोर्डावर पिनांनी धरलेला असतानाच. खालचा स्पार, रिब, वरचा स्पार, लीडिंग एज, मग वेब, मग पुढची शीट. ती शीट बसली की पुढचा भाग बंद डबा होतो, त्या क्षणी पंखात जो पीळ असेल तो कायमचा. प्लॅनमध्ये वॉशआउट (टोकाशी मागची कड वर येईल असा मुद्दाम दिलेला पीळ) दिला असेल तर टोकाशी ट्रेलिंग एजखाली सांगितलेल्या जाडीची पट्टी या आधीच सरकवायची, दोन्ही पंखांना एकाच शीटमधून कापलेली. बोर्डाचं म्हणाल तर सुताराकडचा १९ मिमी प्लाय घ्या, आणि त्यावर आधी स्टीलची पट्टी उभी धरून उजेड दिसतो का बघा. घरातलं डायनिंग टेबल सपाट असतं हा गैरसमज आहे.

शेपटीचं थोडक्यात. आडवी शेपूट पंखाला समांतर आहे का हे मागून दोन मीटरवरून बघायचं. पंखाच्या दोन्ही टोकांपासून उभ्या शेपटीच्या मुळापर्यंत दोरा ताणायचा, फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवा. चिकटवायच्या जागेवरची फिल्म ब्लेडने कापू नका. ब्लेड खालच्या बाल्सात उतरतं आणि नेमकी त्या रेषेवर शेपूट तुटते. सोल्डरिंग आयर्न पट्टीच्या कडेने हलकं फिरवा, फिल्म वितळते, लाकूड वाचतं. इथं गोंद बेताने वापरा. मागे वाढलेल्या दर १० ग्रॅमला अशा विमानात नाकात साधारण ३० ग्रॅम घालावे लागतात.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधतो तो बिंदू: पंखाची रुंदी २३० मिमी असेल तर पहिल्या उड्डाणाला लीडिंग एजपासून ६० ते ६५ मिमी, बॅटरी आत ठेवून. आधी बॅटरी पुढे सरकवा, ती फायरवॉलला टेकली तरी जमेना तरच शिसं. फायरवॉल प्लॅनप्रमाणे दोन-तीन अंश उजवीकडे आणि खाली झुकलेली असते. ती ‘चुकून तिरपी आली’ म्हणून घासून सरळ करणारे लोक मी पाहिलेत. झुकलेल्या फायरवॉलवर मोटरचं केंद्रही थोडं डावीकडे घ्यावं लागतं, नाहीतर स्पिनर (पुढच्या पंख्यावरची टोपी) नाकाच्या मध्यावर येत नाही. मोटर ३५० वॉटच्या आसपासची, थ्री-सेल लायपो बॅटरीवर साधारण ३२ अँपिअर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा) ५० अँपिअरचा. ४० चा हिवाळ्यात भागवतो, मेमध्ये तापतो. सर्व्होचे (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींचे) आर्म रेडिओ चालू करून मध्यावर आणल्यावरच बसवा, प्रॉप (पुढचा पंखा) काढून ठेवून. रिमोटची काठी उजवीकडे केली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर गेलं पाहिजे. हे एवढं न बघता विमान सोडणारे दरवर्षी भेटतात.

रविवारचं म्हणाल तर रोज दोन तास धरून तीन-चार आठवडे. त्यातला बराचसा वेळ गोंद वाळायची वाट बघण्यातच जातो.

आणि हे खरं म्हणजे आधीच विचारायला हवं होतं: तुम्ही याआधी काही उडवलंय का? नसेल तर किट सावकाश जोडा, पण हात बसवायला एखादं स्वस्त फोमचं विमान घ्या. ते थर्माकोलचं असेल तर साधं सीए लावू नका, विरघळतं. फोम-सेफ वेगळं मिळतं. सोबत बडी केबल (गुरू-शिष्याचे दोन रिमोट जोडणारी तार) लावून शिकवणारा कोणी असेल तर थेट या ट्रेनरवर शिकलात तरी हरकत नाही. बाल्सा श्रेष्ठ आणि फोम खेळणं असं मानणाऱ्यांतला मी नाही.

कुठं उडवायचं, हेही विचारलंय. सोनेगावचा विमानतळ शहराला इतका लागून आहे की शहराचा बराच भाग त्याच्या आठ किलोमीटरच्या आत येतो, आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तिथं परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत मोकळीक, तीही त्या भागावर वेगळी बंदी नसेल तर. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासूनच जा. कामठीकडे मोकळं रान दिसलं म्हणून हुरळू नका, तिथं छावणी आहे. अंबाझरीकडे आयुधनिर्माणी आहे. वेळ सकाळची, सूर्य वर यायच्या आत. ४५ अंशांत हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा दहा टक्क्यांनी विरळ असते, उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो, आणि दहानंतर वावटळी सुरू होतात. चाकं मात्र किटमधली लहान असतील तर बदला, निदान ६५ मिमीची घ्या. आपल्या काळ्या मातीला मेमध्ये भेगा पडतात, त्यात पुढचं चाक अडकलं की फायरवॉलच उखडून येते.