गावातलं जुनं कॅथलिक चर्च नेमकं कधीचं, हे कसं ठरवायचं? (अमरावती जिल्हा)

सुरुवात इमारतीपासून नको, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपासून करा. फादरांची परवानगी घेऊन पहिलं पान बघा. मात्र ती तारीख धर्मग्रामाची (फादरांच्या हाताखालच्या स्थानिक ख्रिस्ती समुदायाची) असते, इमारतीची असेलच असं नाही. आधी एखाद्या खोलीत मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) होत असेल. अमरावती धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) 1955 चा, त्याआधी हा भाग नागपूर धर्मप्रांतात (स्थापना 1887) होता. म्हणून जुना पत्रव्यवहार नागपूरला विचारा.

मग भिंत. प्लास्टर उखडलंय तिथं विटांच्या सांध्यातला मसाला नखानं खरवडा. पांढरट भुगा पडला आणि चुन्याचे बारीक खडे दिसले तर चुन्याचं बांधकाम, म्हणजे बहुधा सिमेंट रूढ होण्याआधीचं. सिमेंट नखाला दाद देत नाही. चुना असेल तर वरून सिमेंट कृपा करून लावू नका, ओल आत कोंडते आणि विटा झडतात.

मंगलोरी कौलांच्या मागच्या शिक्क्यावर लोक हमखास फसतात. कौलं बदलली जातात, त्यावरून फक्त छपराचं वय कळतं.

वेदी (मिस्सा ज्यावर होते ते टेबल) भिंतीला टेकलेली असेल तर मांडणी बहुधा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक चर्चच्या बिशपांची जागतिक सभा, 1962-65) आधीची; त्यानंतर वेद्या भिंतीपासून पुढे आणल्या गेल्या. पुढे आणलेली दिसली, तर मागच्या भिंतीवर जुन्या वेदीची खूण शोधा.