मोदक पुन्हा मऊ होतो, कोळंबी पुन्हा कच्ची होत नाही

प्रश्न : गणपतीत घाईघाईने मी तांदळाची पिठी कोमट पाण्यात मळली. पारी करायला घेतली तर सगळी फाटली. सासूबाईंनी उरलेली पिठी उकळत्या पाण्यात घातली, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणली, आणि उकड लोण्यासारखी मळली गेली. जास्तीचे मोदक फ्रिजमध्ये दगड झाले, वाफवल्यावर पुन्हा मऊ. विसर्जनानंतर कोळंबी आणली, तेव्हा नववीतला मुलगा विचारतो, "मोदक परत मऊ होतो, मग कोळंबी गार झाल्यावर परत राखाडी का होत नाही?" मला सांगता आलं नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, दापोलीकडच्या शाळेत मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नव्हता. तुमच्या लेकाला माझी शाबासकी सांगा.

आधी उकड. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, पाणी लागलं की ते जाळं धरतं. तांदळात ते नाही. तांदळात आहे मुख्यतः स्टार्च, म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवून केलेल्या लांबच लांब साखळ्या. सरळ साखळी ती अमायलोज, फांद्या फुटलेली ती अमायलोपेक्टिन. पिठीच्या बारीक दाण्यांत या साखळ्या इतक्या घट्ट रचलेल्या असतात की कोमट पाणी आत फारसं शिरत नाही. साधारण ६० ते ७८ अंशांच्या दरम्यान ही रचना मोडते, दाणा पाणी पिऊन फुगतो, साखळ्या मोकळ्या होऊन एकमेकींत गुंततात. तीच तुमची उकड. सासूबाईंचं पाणी उकळतं होतं आणि वर झाकण होतं, म्हणून परातीत येईपर्यंत सगळी पिठी शिजली होती.

घरी करून पाहा. गार उकडीच्या सुपारीएवढ्या गोळ्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. डाग निळाकाळा उमटेल, कारण अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसतं. तोच थेंब शिजलेल्या कोळंबीवर टाका, पिवळट तपकिरीच राहील. (दोन्ही तुकडे नंतर टाकून द्या, खाऊ नका.)

आता कडक मोदक. थंडीत या साखळ्या पुन्हा एकमेकींशेजारी येऊन रांगा धरतात आणि अडकलेलं पाणी बाहेर ढकलतात. फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत लवकर होतं, म्हणून उरलेला भातही तिथे मोकळा, टणक होतो. वाफ दिली की बऱ्याचशा रांगा सुटतात. सगळ्या नाही. अमायलोजच्या रांगा मोदकपात्रातल्या वाफेला दाद देत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशीचा मोदक मऊ होतो, पण पहिल्या घासासारखा नाही.

कोळंबीची गोष्ट वेगळी, कारण तिथे कारभार प्रथिनांचा. प्रथिनही साखळीच, पण मणी वीस प्रकारचे, आणि कुठल्या जागी कुठला मणी हे ठरलेलं. त्या क्रमानुसार साखळी विशिष्ट घडी घालते. कवचात ॲस्टाझँथिन नावाचा तांबडा रंग असतो. प्रथिनाच्या घडीत धरलेला असेपर्यंत तो राखाडी-निळसर दिसतो. कढईत घडी उलगडली की रंग सुटतो आणि कोळंबी लालसर होते. उलगडलेल्या साखळ्या शेजारणींना भलत्याच जागी चिकटतात. गार झाल्यावर त्या गुंत्यातून मूळ घडी सापडणार कशी? स्टार्चचे मणी सगळे एकसारखे, त्यामुळे कुठलीही साखळी कुठल्याही साखळीशेजारी नीट बसते. प्रथिनाला ती मुभा नाही. लेकाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

हे पदार्थ खरोखर इतक्या लांब साखळ्यांचे असतात, हे १९२० साली हेर्मान स्टाउडिंगर यांनी मांडलं, तेव्हा बरेच रसायनशास्त्रज्ञ मानत नव्हते. छोट्या रेणूंचे पुंजके असतील, असं त्यांना वाटे. स्टाउडिंगरना नोबेल मिळालं १९५३ मध्ये. त्यांचा धीर मला वर्गात नेहमी सांगावासा वाटे.

प्रश्न : फणसाचा चीक पाण्याने का जात नाही?
— एक वाचक, लांजा

उत्तर : चिकात रबराच्या जातीच्या साखळ्या आणि राळेसारखे पदार्थ असतात. स्टार्चच्या प्रत्येक मण्याला पाण्याशी जुळणारे हात आहेत. रबराच्या साखळीत नुसता कार्बन आणि हायड्रोजन, पाण्याने धरावं असं काही नाहीच. तेलाशी मात्र तिचं जमतं. म्हणून फणस फोडण्याआधी हाताला आणि कोयतीला खोबरेल लावा. लागलाच चीक, तर आधी तेल चोळून सैल करा, मग साबण.