अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली बाऊल गेम कधी बघितली नाही, सुरुवात कुठल्या मॅचपासून करू?

डोळे झाकून २००७ चा फिएस्टा बाऊल बघा, बॉइसी स्टेट विरुद्ध ओक्लाहोमा. बाऊल गेम म्हणजे सीझन संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत निवडक टीम्सना बोलावून खेळवतात ती मॅच, बहुतेक दोघांनाही परकं असलेल्या मैदानावर. ही झाली १ जानेवारीला, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेलला.

ओक्लाहोमा म्हणजे जुनं बडं घराणं आणि बॉइसी आयडाहोमधली, जिला मोठे लोक गंभीरपणे घ्यायचेच नाहीत. तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉइसी २८-१० पुढे, मग सगळी लीड गेली, वर शेवटच्या मिनिटाच्या आसपास बॉइसीचाच पास पकडून ओक्लाहोमाने टचडाउन केला (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, त्याचे सहा पॉइंट, वर किकचा एक), ३५-२८. संपलं ना? तर नाही, १८ सेकंद उरलेले, शेवटचा चान्स, १८ यार्ड पुढे जाणं गरजेचं, आणि बॉइसीच्या एकाने पास घेऊन लगेच आडव्या धावणाऱ्या दुसऱ्याच प्लेअरकडे बॉल टाकला, तो थेट टचडाउन!

बरोबरी झाली म्हणून ओव्हरटाइम, त्यात ओक्लाहोमा ४२, बॉइसी टचडाउन करून ४१. एका पॉइंटची सोपी किक मारून बरोबरी करता आली असती पण बॉइसीचा कोच ख्रिस पीटरसन म्हणाला दोनच घेऊ, म्हणजे किकऐवजी बॉल पुन्हा आत नेऊन दोन पॉइंट. क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य प्लेअर) झब्रान्स्कीने उजव्या हाताने पास टाकल्याचं नाटक केलं, बॉल डाव्या हातात पाठीमागे, तो इयन जॉन्सनने घेतला आणि आरामात आत. ४३-४२. नंतर या जॉन्सनने मैदानावरच, टीव्हीवर लाइव्ह, गर्लफ्रेंडला लग्नाची मागणी घातली (ती बॉइसीची चीअरलीडर, हो म्हणाली).

पूर्ण मॅचला वेळ नसेल तर निदान चौथा क्वार्टर आणि ओव्हरटाइम बघाच.