तळ्याकाठचं घर आणि पायाची खोदाई : वाचकांचे प्रश्न

पाऊस उघडला की घरबांधणीची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेक पत्रं तळ्याजवळच्या जागांबद्दल आली, म्हणून हा सगळा अंक त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावतळ्याच्या बांधाखाली आमची सहा गुंठे जागा आहे. एनए (बिगरशेती) झालेली आहे. जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांत पाया उघडून देतो. बांधापासून किती लांब राहायचं? मध्येच पाणी लागलं तर काय करायचं?

उत्तर : दोन दिवसांचं काम असो की दोन तासांचं, त्याआधी एक चाचणी खड्डा घ्या. तीन फूट रुंद आणि सात फूट खोल, जिथं पाया येणार तिथंच. खड्ड्यात उतरू नका, बकेटमधून वर येणारं ढेकूळ हातात घेऊन फोडा. तांबड्या मातीत राखाडी पट्टे आणि गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले, तर पाणी दरवर्षी तिथवर चढतं असं समजा. एप्रिलमध्ये खड्डा ठणठणीत कोरडा असला तरी हे ठिपके जात नाहीत. मग त्यात चार इंची पीव्हीसी पाइप, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून, उभा करा, भोवती खडी टाका आणि चोवीस तासांनी पाण्याची पातळी मोजा. चिकण मातीतून पाणी सावकाश झिरपतं, त्यामुळे खणल्या खणल्या दिसलेल्या कोरड्या तळावर भरवसा ठेवता येत नाही. ही पातळी पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, एकदा नक्की बघा. त्या वेळी ती सगळ्यात वर असते. काम मात्र फेब्रुवारी ते मे या काळात काढा.

तुमच्या भागात वर जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, असतो आणि तो हातोड्याला खणखणीत वाजतो, म्हणून पाया तिथंच टेकवायचा मोह होतो. पण जांभ्याच्या थराखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट-पिवळी मऊ चिकण माती लागते. पाणी लागलं की ती लोण्यासारखी होते. चाचणी खड्डा जांभ्यावरच थांबवला तर ती दिसणारच नाही, म्हणून थर फोडून किमान तीन फूट खाली जा.

आता बांध. तळ्यातलं पाणी बांधाच्या पोटातून झिरपत पायथ्याशी येतं, आणि पायथ्याची माती त्या वाटेवर दट्ट्यासारखी बसलेली असते. तिथं खणलं की दट्ट्या निघतो, वाट आखूड होते आणि पाणी मातीचे कण सोबत घेऊन वाहू लागतं. झिरपणारं पाणी निवळशंख असेल तर एक वेळ चालेल. गढूळ दिसलं तर त्याच क्षणी काम थांबवा, खड्डा खडीच्या पोत्यांनी भरा आणि पंचायतीला कळवा, कारण खाली अख्खं गाव आहे. बांधाच्या उतारावर तर एक फावडंसुद्धा मारू नका. अंतराचं म्हणाल तर 2014 च्या कर्नाटक तलाव संवर्धन कायद्यात मुळात तलावाच्या हद्दीपासून 30 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी होती. तुमच्या तळ्याला आज कोणतं अंतर लागू आहे, हे तहसीलदार कार्यालयाकडून लेखी घ्या. कर्नाटक सरकारच्या दिशांक अ‍ॅपवर सर्व्हे नंबर टाकला की तळ्याची हद्द ढोबळमानानं दिसते. पण हद्दीचा दगड दाखवायचा तर मोजणीच हवी. पाण्याची कड म्हणजे तळ्याची हद्द नव्हे, उन्हाळ्यात पाणी मागे सरलेलं असतं.

पाणी लागलंच तर सरळ पायाच्या खड्ड्यातून पंप लावू नका. एका कोपऱ्यात, तळापेक्षा दोन फूट खोल, छोटा खड्डा करा. त्यात भोकं पाडलेला ड्रम ठेवा, भोवती 20 मिलीमीटरची खडी भरा, बाकीचा तळ त्याच्याकडे उतरता ठेवा आणि मड पंपाचा पाइप ड्रममध्ये सोडा. ड्रम नसेल तर पंप पाण्यासोबत बारीक मातीही खेचतो आणि शेजारच्या घराच्या पायाखालची जमीन हळूहळू पोकळ होते. तळातून वाळूसकट पाणी उकळल्यासारखं वर येऊ लागलं, तर पंप बंद करा आणि पाणी भरू द्या. त्या वेळी पाण्याचं वजनच तळाला धरून ठेवतं. पुढचा निर्णय इंजिनिअरनं घ्यावा, ऑपरेटरनं नव्हे.

शेवटचं, आणि हे जीवावर बेतणारं आहे. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याला उतार द्या किंवा फळ्या-टेकू लावा. जांभ्याची भिंत कोरडी असताना उभी राहते, ओली झाली की चिरा सुटावा तशी एका तुकड्यात खाली येते. उपसलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांतलं जे जास्त असेल तितकी लांब टाका.

प्रश्न : बेळगावच्या कणबर्गी तळ्याच्या बाजूला आमचं घर आहे. जमिनीखालची पाण्याची टाकी करायची आहे. गवंडी म्हणतो, इथं टाकी तरंगते. असं खरंच होतं का?

उत्तर : होतं, आणि गवंडी बरोबर सांगतोय. हिशेब बघा. बाहेरून 3 मीटर लांब, 2.5 रुंद आणि 2 खोल टाकी म्हणजे 15 घनमीटर. भोवतीचं पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढलं तर ते टाकीला 15 टनांनी वर ढकलतं. तळाला आणि भिंतींना सहा इंच, स्लॅबला पाच इंचांपेक्षा थोडं कमी काँक्रीट धरलं तर टाकीचं स्वतःचं वजन सुमारे 12 टन. टाकी पाण्यानं भरलेली असेल तर काही होत नाही. पावसाळ्यात ती धुवायला रिकामी केली की मात्र तीन टनांची तूट पडते. टाकी एका कोपऱ्यातून उचलते, पाइपचे सांधे तुटतात आणि स्लॅबला तिरकी चीर जाते.

उपाय खोदाईच्या वेळीच करावा लागतो. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी एक फूट काढा. त्या कडेवर बसणारी माती, पाण्यात बुडालेली धरली तरी, साडेसहा टनांच्या आसपास भार देते. म्हणजे खड्डा टाकीपेक्षा प्रत्येक बाजूला किमान अडीच फूट मोठा हवा. एक फूट कडेसाठी, उरलेला दीड फूट माणसाला उभं राहून काम करायला. हे जेसीबी ठरवतानाच सांगा. नंतर हातानं वाढवलेला खड्डा महागात पडतो. आणि टाकी पावसाळ्यात रिकामी करू नका, मे महिन्यात धुवून घ्या.

प्रश्न : निपाणीजवळ तलावाच्या बाजूला प्लॉट आहे. बारा कॉलमचे खड्डे काढायचे आहेत. पैसे तासावर द्यावेत की ब्रासवर (100 घनफुटांवर)? फसवणूक कुठं होते?

उत्तर : माती मऊ आणि खड्डे ठरलेले असतील तर ब्रासवर, कातळ किंवा पाणी लागण्याची शक्यता असेल तर तासावर. तळ्याजवळ दुसरी शक्यताच जास्त. तासावर घेताना काम सुरू होताना आणि संपताना मशिनच्या अवर मीटरचा फोटो काढा. मशिन आणण्याचं भाडं, ऑपरेटरचा बाटा, किमान किती तास धरणार आणि कातळ फोडायच्या ब्रेकरचा वेगळा दर, या चारही गोष्टी आधी कागदावर घ्या. भांडणं दरावरून कमी आणि या चौघींवरूनच जास्त होतात.

ब्रास मोजायचा तो खड्ड्याचा, टिप्परचा नव्हे. पाच बाय पाच फूट आणि सहा फूट खोल खड्डा म्हणजे 150 घनफूट, बारा खड्डे म्हणजे 1800 घनफूट, 18 ब्रास. उपसलेली माती पाव पट फुगते, म्हणून टिप्परमध्ये ती 22 ते 23 ब्रास भरते. दोन ब्रासच्या टिप्परच्या अकरा-बारा फेऱ्या होतील. वाहतुकीचे पैसे फेरीवर द्या, खोदाईचे खड्ड्याच्या मापावर. दोन्हीला एकच आकडा लावला तर चार-पाच ब्रास फुकट जातात.

सगळ्यात महाग चूक म्हणजे जास्त खोल खणणं. एकेक फूट जास्त गेलं तर बारा खड्ड्यांत 300 घनफूट, म्हणजे तीन ब्रास भरून काढावं लागतं, आणि तेही मातीनं नव्हे, 1:4:8 (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटनं. उकरलेली माती परत लोटून वर पाया घातला तर तो कॉलम बाकीच्यांच्या आधी बसतो. म्हणून शेवटचे सहा इंच मशिनला देऊ नका, मजुरांकडून हातानं साफ करून घ्या आणि त्याच दिवशी पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, टाका. उघडा तळ एक रात्र पाण्यात राहिला की वरचे दोन-तीन इंच चिखल होतात, मग तेही खरडून काढावे लागतात. वीज कंपनीची (हेस्कॉमची) केबल आणि पाण्याची लाइन कुठून जाते, हे विचारून चुन्यानं आखून ठेवा.

प्रश्न : हुक्केरी तालुक्यात हिडकल धरणाच्या पाण्याजवळ काळ्या मातीत बांधायचं आहे. पाया किती खोल?

उत्तर : काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. पाण्याजवळ हा खेळ दरवर्षी होतो. थर चार-पाच फुटांचा असेल तर तो काढून मुरमापर्यंत जा. उरलेला खड्डा मुरूम सहा ते आठ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून दाबत भरा. थर खूप खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, करतात. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी जमिनीपासून किमान साडेतीन मीटर असते. त्यांना जेसीबीचा उपयोग नाही, ऑगरवाला, म्हणजे जमिनीत गोल भोक पाडणारा, गाठावा लागतो.

प्रश्न : निघालेली माती तळ्याच्या काठावर टाकली तर चालेल का? तेवढीच जागा भरून निघेल.

उत्तर : नाही. तो तलावात भराव ठरतो. पावसात ती माती आत उतरते, सांडव्याकडे गाळ साचतो आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी बाजूनं तुमच्याच अंगणाकडे वळतं. पंपाचं गढूळ पाणीही सरळ तळ्यात सोडू नका, आधी जागेवरच्या खड्ड्यात निवळू द्या. वरच्या एका फुटाची सुपीक माती मात्र वेगळी रचून ठेवा, बाग करताना लागेल. मुरूम पायाभोवती भरायला वापरा आणि उरलेल्या मातीची जागा टिप्पर बोलावण्याआधीच ठरवा.